डॉ. शिरोडकरांचा टाका

चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा नसतानाच गर्भ पडून जायचा; पुन्हा दिवस राहिले की पुन्हा तेच. दोष मात्र त्या स्त्रीच्या नशिबाला. अशा अनेकींच्या दुःखाचे मूळ गर्भाशयाच्या मुखाच्या दुबळेपणात आहे, हे ओळखून त्यावर इलाज शोधला डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. जन्म १८९९ चा, गोव्यातील शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १९२७ मध्ये ते एम. डी. झाले, १९३१ मध्ये इंग्लंडची एफ. आर. सी. एस. मिळवली आणि पुढे ग्रँटमध्येच प्राध्यापक झाले.

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. तिचे मुख प्रसूतीपर्यंत घट्ट मिटलेले राहिले, तरच वाढत्या गर्भाचा भार पेलतो. शिरोडकरांनी रुग्णेच्याच मांडीतील चिवट आवरणाची पट्टी काढून ती या मुखाभोवती ओवली. बटव्याची नाडी आवळावी, तशी! १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅक्डोनल्ड यांनी अधिक सोपी पद्धत सुचविली आणि ती रूढही झाली. तरी जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिरोडकरांचे नाव कायम आहे.

१९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.