बाळू पालवणकर



भातकापणी संपली की आपल्या मोरजीत मळ्यामळ्यांत स्टंप उभे राहतात. बॅट हाती यावी म्हणून भांडणे होतात, गोलंदाजी मात्र कोणालाच नको असते! म्हणून या वेळी एका गोलंदाजाचे चरित्र सांगतो.

बाळू पालवणकर यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, चर्मकार समाजाचे. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर खेळायला शिकले. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशी लोकांच्या क्लबात, खेळपट्टी झाडण्याची व रोलर फिरवण्याची. पगार महिना ३ रुपये. १८९२ मध्ये ते इंग्रजांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथे जाळ्यात साहेबांना चेंडू टाकणे हेही त्यांच्या कामात आले. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज बाद झाला की बाळूंना आठ आणे देई असे सांगतात. तासन् तास गोलंदाजी करून डावऱ्या हाताची फिरकी तयार झाली, पण फलंदाजीची संधी त्यांना तेथे कधी मिळाली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. घेतले खरे, परंतु मैदानावर सर्वजण त्यांच्या हातचा चेंडू घेत आणि चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे. मुलांनी हे वाचून पालकांना प्रश्न विचारले, तर पालकांनी टाळू नये, ही विनंती.

१८९६ च्या प्लेगनंतर ते मुंबईला आले. तेथे हिंदू जिमखान्याकडून आणि नंतर रेल्वेच्या संघाकडून खेळले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी मिळवले.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे सांगितले. हा पै यांचा मोठेपणा, निवड करणाऱ्यांचा नव्हे. १९२० मध्ये बाळूंना वगळले आणि कर्णधारपदासाठी धाकटे बंधू विठ्ठल यांनाही डावलले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. शेवटी बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ बाळूंनी सांभाळला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

तरुणपणी डॉ. आंबेडकरांना बाळूंचा अभिमान वाटे. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले.

भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला, त्या वेळी बाळू ५६ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर ३३ प्रथम दर्जाचे सामने आणि १७९ बळी आहेत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.