सर आर्चिबाल्ड गॅरॉड: जन्मजात दोष आणि बाहेरून येणारे शिसे

पॉर्फिरियासारखा चयापचयाचा आनुवंशिक आजार घरात असेल, तर डॉक्टर तुम्हाला नात्यातल्या आजारांबद्दल विचारतात आणि कामधंद्याबद्दलही. हे दोन्ही प्रश्न का महत्त्वाचे, हे सर आर्चिबाल्ड गॅरॉड यांच्या आयुष्यावरून समजते.

त्यांचा जन्म १८५७ साली लंडनमध्ये झाला. वडील आल्फ्रेड हेही डॉक्टर होते. गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढते, हे त्यांनी दाखवले. रुग्णालयातल्या त्यांच्या गाउटच्या रुग्णांपैकी निदान चौघांत एकाला पूर्वी शिशाची बाधा झाली होती. त्यांतले बहुतेक रंगारी आणि प्लंबर होते.

आर्चिबाल्ड यांनी लघवीच्या रंगांचा अभ्यास केला. अल्काप्टोन्युरियात लघवी काळी पडते. या रुग्णांचे आईवडील पुष्कळदा सख्खी चुलत किंवा आते-मामे भावंडे असतात, हे पाहून १९०२ मध्ये त्यांनी हा आजार आनुवंशिक असल्याचे मांडले. १९०८ च्या व्याख्यानांत अशा आजारांना त्यांनी चयापचयाचे जन्मजात दोष असे नाव दिले.

दोन मुलगे पहिल्या महायुद्धात गेले, तिसरा १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाने. तरीही १९२० मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला प्राध्यापकपद स्वीकारले. प्रत्येक शरीराची रासायनिक घडण वेगळी असते, म्हणून एकाच कारणाचा त्रास सर्वांना सारखा होत नाही, हा विचार त्यांनी १९३१ च्या पुस्तकात मांडला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हा विचार तुमच्या उपयोगाचा आहे. रक्ताला लाल रंग देणारे हीम बनवणाऱ्या एका एन्झाइमला शिसे अडवते. पॉर्फिरियाच्या एका दुर्मीळ प्रकारात तेच एन्झाइम जन्मतः कमी असते. म्हणून दोन्हींत पोटात तीव्र कळा, बद्धकोष्ठता, हातापायांत अशक्तपणा अशी सारखीच लक्षणे दिसतात. हा दोष असलेल्यांना थोडे शिसेही जास्त बाधू शकते.

तुम्ही अंधेरीत सोल्डरिंग करत असाल, घाटकोपरला बॅटऱ्या दुरुस्त करत असाल, जुन्या घराचा रंग खरवडला असेल किंवा भस्म घेत असाल, तर डॉक्टरांना न विचारताही सांगा. पोटदुखी वारंवार होत असेल, तर रक्तातील शिसे आणि लघवीतील पॉर्फिरियाची तपासणी करावी का, हे विचारा. कामाचे कपडे घरी आणू नका, मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवा. जनुके बदलता येत नाहीत, पण शिशाचा संपर्क टाळता येतो.