रूडोल्फ फिरखो: ‘पांढऱ्या रक्ता’चे कोडे उलगडणारा विकृतिशास्त्रज्ञ

रक्ताचा कर्करोग झाल्याचे समजताच तो शस्त्रक्रियेने काढून टाकता येईल का, असा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना पडतो. त्याच्या उत्तराचा पाया घातला तो जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात झाला. १८४३ मध्ये बर्लिन येथे वैद्यकीय पदवी संपादन करून ते शारिते रुग्णालयात रुजू झाले. १८४५ मध्ये तेथे पन्नाशीतील एका स्वयंपाकिणीचे शवविच्छेदन त्यांनी केले. तिची प्लीहा कमालीची वाढलेली होती आणि रक्त पांढुरके दिसत होते. त्याच वर्षी एडिंबरा येथील जॉन बेनेट यांनी अशाच रुग्णाच्या रक्तात पू झाल्याचा निष्कर्ष काढला. फिरखो यांनी मात्र तो पू नसून रक्तातीलच पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ असल्याचे ओळखले. १८४७ मध्ये त्यांनी या विकाराला ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले.

१८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून त्यांनी दारिद्र्य व सरकारी अनास्थेवर बोट ठेवले. राजकीय मतांमुळे त्यांना बर्लिन सोडावे लागले. वुर्झबर्ग येथे अध्यापन करून १८५६ मध्ये ते परतले. आजाराचे मूळ पेशीत असते, हा त्यांचा सिद्धान्त १८५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे लोकप्रतिनिधी या नात्याने त्यांनी बिस्मार्क यांना विरोध केला आणि बर्लिनच्या सांडपाणी योजनेचाही पाठपुरावा केला. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच काही शल्यविशारदांनी ल्युकेमियाच्या रुग्णांची वाढलेली प्लीहा काढून पाहिली. त्यातील बहुतेक रुग्ण रक्तस्रावाने दगावले. प्लीहेची वाढ हा आजाराचा परिणाम होता, मूळ नव्हे. अर्न्स्ट नॉयमन यांनी या विकाराचा संबंध अस्थिमज्जेशी जोडला.

अक्यूट मायलॉइड ल्युकेमियामध्ये अस्थिमज्जेतील अपरिपक्व पेशी बेसुमार वाढून रक्तावाटे शरीरभर पसरतात. त्यामुळे कापून काढण्याजोगी एकच गाठ नसते. मुख्य भिस्त केमोथेरपीवर आणि निवडक रुग्णांमध्ये मूलपेशी प्रत्यारोपणावर असते. प्रत्यारोपणातही निरोगी मूलपेशी शिरेवाटे दिल्या जातात. शल्यविशारदाची मदत लागते ती औषधांसाठी मोठ्या शिरेत नळी किंवा पोर्ट बसवताना, क्वचित शरीरात अन्यत्र झालेल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढताना अथवा आतड्याला छिद्र पडण्यासारख्या गुंतागुंतीत. रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका मोठा असल्याने असा निर्णय रक्तविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकत्र विचार करूनच घेतात.