होळकरांची ड्युसेनबर्ग

चांदवडचा रंगमहाल तुम्ही पाहिला असेलच. अहिल्यादेवी होळकरांचा वाडा, इतिहासाच्या पुस्तकातलं पान. पण याच मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे इंदूर लागतं आणि तिथे याच घराण्यात एक भन्नाट गाडीवेडा तरुण होऊन गेला. यशवंतराव होळकर, दुसरे.

जन्म 1908 चा. वडील तुकोजीराव. 1925 मध्ये मुंबईत बावला खून प्रकरण घडलं आणि त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले. चौकशीला सामोरं जाण्याऐवजी तुकोजीरावांनी 1926 मध्ये गादी सोडली. यशवंतराव सतराव्या वर्षी महाराज झाले. आपण त्या वयात बारावीचे क्लास करत असतो! ऑक्सफर्डला शिकून आल्यावर, 1930 मध्ये त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

आता गाडीकडे येऊ. अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग बंधूंच्या रेसिंग कारनी इंडियानापोलिस 500 ही शर्यत 1924, 1925 आणि 1927 मध्ये मारली. 1924 च्या विजेत्या गाडीला सुपरचार्जर होता. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा जास्त, तर इंधनही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. हीच युक्ती त्यांनी 1932 मध्ये रस्त्यावरच्या एसजे मॉडेलला लावली. आठ सिलिंडर, 6.9 लिटरचं इंजिन, कंपनीचा दावा 320 हॉर्सपॉवरचा. 1935 मध्ये यशवंतरावांसाठी अशाच एका एसजेवर लंडनच्या गर्नी नटिंगने लांबलचक स्पीडस्टर बॉडी चढवली. दोनच वर्षांत ड्युसेनबर्ग कंपनी बंद पडली.

पण त्यांना फक्त शौकीन राजा म्हणून सोडून देऊ नका. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियसकडून त्यांनी माणिकबाग हा अगदी आधुनिक राजवाडा बांधून घेतला. शिल्पकार ब्रांकुसीची शिल्पं घेतली, त्यांच्यासाठी मंदिर बांधायचंही ठरवलं. सी. के. नायडूंच्या होळकर संघाला आश्रय दिला. या संघाने रणजी करंडक चारदा जिंकला.

1937 मध्ये महाराणी संयोगिता ऐन तारुण्यात स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. ब्रांकुसी इंदूरला येऊन गेला, पण मंदिर काही उभं राहिलं नाही. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. 1961 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, यशवंतराव मुंबईत गेले. 1980 मध्ये माणिकबागेतल्या फर्निचरचा युरोपात लिलाव झाला. राजवाड्यात आता सरकारी कचेरी आहे.

गादी त्यांना न मागता मिळाली आणि न विचारता गेली. ड्युसेनबर्ग मात्र त्यांनी स्वतः निवडली होती. ती अजून आहे, आणि जगभरचे गाडीवेडे तिला आजही होळकरांच्याच नावाने ओळखतात.