इरावतीबाई आणि दीडशे कवट्या

आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना इरावतीबाई कर्वे माहीत असतात त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून. पण बाईंचा खरा व्यवसाय माणसे मोजण्याचा होता, हे मला समाजशास्त्र घेतल्यावर कळले.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तिथल्या नदीचेच नाव त्यांना मिळाले. सातव्या वर्षी त्या पुण्यास हुजूरपागेत आल्या. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए., आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी विवाह.

१९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तेथे प्राध्यापक ऑयगेन फिशर हे मानवी आनुवंशिकतेच्या संस्थेचे प्रमुख होते. मेंडेलने वाटाण्यावर शोधलेले नियम माणसाला लावणारे हे गृहस्थ; पण गोऱ्यांचे श्रेष्ठत्व त्यांच्या मनात आधीच पक्के होते. कवटीच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. हा फरक वंशानुसार बदलतो आणि त्यावरून युरोपियनांची बुद्धी सरस ठरते, ही समजूत तपासण्याचे काम बाईंकडे आले. त्यांनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. फरक होता, परंतु वंशाशी त्याचा संबंध काही लागेना. परका देश, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध प्रबंध, आणि वय पंचविशीच्या आतले! बाईंनी आढळले तेच लिहिले. थोड्याच वर्षांत नाझी राजवटीने फिशरांचे वंशशास्त्र डोक्यावर घेतले.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. तेथे प्रश्न जातीचा होता. रक्तगटाचेच उदाहरण घेऊ. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन जनुके येतात. एक ‘ए’चे व दुसरे ‘ओ’चे असेल तर गट ‘ए’ दिसतो. ‘ओ’ लपून राहते आणि पुढच्या पिढीत वर येऊ शकते. ‘ए’ला प्रभावी म्हणतात. प्रभावी म्हणजे श्रेष्ठ, असे मी बरेच दिवस समजत होते! पोटजातीबाहेर लग्नच होत नसेल तर तीच जनुके पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत फिरत राहतात. म्हणून अशा खुणांच्या प्रमाणावरून दोन पोटजाती एका मुळाच्या आहेत का, याचा अंदाज बांधता येतो.

मूळ जात एक, पोटजाती नंतर फुटल्या, असे घुर्यांचे मत होते. बाईंनी गुरूंचेही मत तपासल्याशिवाय मानले नाही. कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींचा जैविक अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. नाव एक, पायरी एक, पण गट निरनिराळे, असा त्यांचा पक्ष होता. आमच्याकडे सोयरीक जमवताना ‘रक्त’ हा शब्द फार सहज येतो, म्हणून हे मला महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. फिशरांचा निष्कर्ष टाकला तरी माणसाचे डोके, नाक मोजण्याची ती पद्धत बाईंनी आयुष्यभर सोडली नाही. पुढे २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले, की दोनचार हजार वर्षांपूर्वी भारतातले गट एकमेकांत खूप मिसळले होते आणि लग्नाची कुंपणे त्यानंतर पक्की झाली. ते पाहायला बाई नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते.