विश्लेषण : पत्रे, धान्य आणि कोंबडीही रॉकेटने पाठवणारे स्टीफन स्मिथ कोण होते?

लवासात दासवेच्या काठावर उभे राहून वरसगाव धरणाच्या फुगवट्याकडे पाहिले, की पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो. रस्त्याने जायचे तर पाण्याला वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, तर तेही जमत नाही. अशा वेळी औषधाची एखादी पुडी पलीकडे टाकायची कशी? आज कोणीही चटकन ‘ड्रोनने’ म्हणेल. नव्वद वर्षांपूर्वी कोलकात्यातील एका दंतवैद्याचे उत्तर होते : रॉकेटने. ते उत्तर खरे करून दाखवण्यासाठी त्यांनी दहा वर्षे घालवली.

स्टीफन स्मिथ कोण होते?

पूर्ण नाव स्टीफन हेक्टर टेलर-स्मिथ. जन्म १४ फेब्रुवारी १८९१, शिलाँग. शिक्षण आसनसोलच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत. शाळेच्या तलावावरून रॉकेट उडवायचे आणि त्यात प्रवासी म्हणून चक्क सरडा बसवायचा, असे उद्योग मित्रांसोबत तिथेच सुरू झाल्याचे सांगितले जाते. पुढे कोलकात्यात त्यांनी कस्टममध्ये, मग पोलिसात नोकरी केली आणि अखेर दंतवैद्यकात स्थिरावले. अभियंता म्हणून त्यांची कुठलीही पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. होता तो छंद, आणि तोही दुहेरी : रॉकेट आणि टपाल.

टपालाचा छंद त्या काळाला साजेसाच होता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. जगातील हे पहिले अधिकृत हवाई टपाल. त्यानंतर हवाई प्रवास केलेली पाकिटे जमवणाऱ्यांची जमातच तयार झाली. स्मिथ त्यातलेच, इंडियन एअरमेल सोसायटीचे ते सचिव होते.

विमान असताना रॉकेट कशाला?

प्रश्न रास्त आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचे विमान मुंबईच्या जुहूवर उतरवले होते. लांबच्या टपालाचा प्रश्न विमानाने सोडवला, हे उघड दिसत होते. पण विमानाला धावपट्टी लागते. पुराने तुटलेले गाव, डोंगरातली वस्ती, किनाऱ्यापासून दूर थांबलेले जहाज यांच्यासाठी ते कुचकामी. स्मिथ यांचे लक्ष या मैल-अर्ध्या मैलाच्या अडलेल्या अंतराकडे होते.

कल्पना एकट्या त्यांची नव्हती. ऑस्ट्रियात फ्रीडरिख श्मीडल यांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये १०२ पत्रे डोंगरावरून खालच्या गावात रॉकेटने पोहोचवली होती. जुलै १९३४ मध्ये स्कॉटलंडच्या स्कार्प बेटावर गेरहार्ड झुकर यांचे रॉकेट जागीच फुटले आणि पत्रे होरपळली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९३४ रोजी, स्मिथ यांनी बंगालच्या उपसागरात जहाजावरून सागर बेटाच्या दिशेने पहिले टपाल-रॉकेट सोडले. तेही हवेतच फुटले. पत्रे विखुरली. स्मिथ मात्र थांबले नाहीत.

रॉकेट फुटत का असे?

दिवाळीत बाटलीत ठेवून उडवतो ते रॉकेट आणि तेव्हाचे टपाल-रॉकेट यांचे तत्त्व एकच. नळीत दारू ठासायची, खाली अरुंद तोंड ठेवायचे. जळणारा वायू त्या तोंडातून जोराने बाहेर पडतो आणि नळी उलट दिशेला जाते. आपल्याकडे हे नवे नव्हतेच. पेशवाईच्या लढायांत ‘बाण’ म्हणजे बहुधा असा अग्निबाणच, आणि म्हैसूरच्या लोखंडी नळीच्या बाणांनी तर इंग्रजांना धडा शिकवला होता.

अडचण दारू ठासण्यात आहे. ठासलेल्या दारूत केसाएवढी चीर राहिली, तरी ज्वाला त्या चिरेत शिरते. एकाच वेळी जास्त दारू पेटते, आतला दाब क्षणात वाढतो आणि नळी फाटते. दमट हवेत ठेवलेली दारू सुकताना आकसते व अशा चिरा पडतात. बंगालच्या हवेत हा धोका कायमचा. नीट उडालेच, तरी वाऱ्याची झुळूक आली की शेपटीचे रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवते. म्हणजे पत्र पोहोचायचे एका काठाला आणि पडायचे नदीत. श्मीडल असोत वा स्मिथ, सगळ्यांचे वैरी हेच दोन : चीर आणि वारा.

(हौस म्हणून घरी दारू कुटण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. प्लास्टिकची बाटली, थोडे पाणी आणि सायकलचा पंप एवढ्यावरही रॉकेट उडते. फक्त मोकळे मैदान हवे आणि बाटलीपासून दूर उभे राहायला हवे.)

सिक्कीममध्ये काय घडले?

युरोपात सरकारे या छंदिष्टांकडे संशयाने पाहत होती. श्मीडल यांच्या प्रयोगांवर पुढे बंदीच आली. स्मिथ यांना उलटा अनुभव आला. सिक्कीमचे महाराज ताशी नामग्याल यांनी त्यांना बोलावून घेतले. दरडी आणि ओढ्यांनी तुटणाऱ्या त्या डोंगराळ राज्याला या खेळाचा उपयोग चटकन कळला असावा. एप्रिल १९३५ मध्ये गंगटोक परिसरात एकामागून एक रॉकेट उडाले. त्यातील एकाने राणी खोला नदीपलीकडे पत्रांऐवजी पार्सल नेले. चहा-साखरेसारख्या साध्या वस्तू त्यात होत्या. रॉकेटने गेलेले हे पहिले पार्सल मानले जाते.

यानंतर स्मिथ यांच्या प्रयोगांची दिशा स्पष्ट झाली. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा भूकंपाने उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे दगावली. आठवड्याभरातच, ६ जूनला, स्मिथ यांनी धान्य आणि खाण्याचे जिन्नस भरून रॉकेट उडवून पाहिले. संकटात सापडलेल्यांना अन्न असे पोहोचवता येईल का, हा तो प्रश्न होता. २९ जूनला त्यांनी दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी पलीकडे धाडली. नावे ॲडम आणि ईव्ह. दोघेही जिवंत उतरले! पुढच्या एका रॉकेटमधून सापही गेला. विनोदबुद्धी शाबूत होती, असेच म्हणायचे. पण जिवंत प्राणी सुखरूप उतरतो, याचा अर्थ औषधाची बाटलीही फुटणार नाही, हा हिशेब त्या गमतीमागे होता.

हा निव्वळ पाकिटे विकण्याचा धंदा होता का?

हा आक्षेप रॉकेट-टपालवाल्या सगळ्यांवरच घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. खास छापलेली लेबले, सह्या केलेली पाकिटे संग्राहक विकत घेत, त्या पैशांतून पुढचे रॉकेट होई. स्मिथही त्याला अपवाद नव्हते. मात्र नुसती पाकिटेच विकायची असती, तर शे-दीडशे पत्रांचे एखादे उड्डाण पुरले असते. स्मिथ यांनी १९३४ ते १९४४ या काळात सुमारे २७० उड्डाणे केली आणि त्यांपैकी टपाल नेणारी किमान ८० होती. म्हणजे बहुतेक रॉकेटांतून विकण्याजोगे पत्र गेलेच नाही. ती चाचणीची होती. हा आकडाच त्यांच्या बाजूने बोलतो.

मग रॉकेट-टपाल रुजले का नाही?

नेम कधीच भरवशाचा झाला नाही आणि विमाने झपाट्याने सुधारली. १९५९ मध्ये अमेरिकेने पाणबुडीतून ‘रेग्युलस’ क्षेपणास्त्राद्वारे तीन हजार पत्रे पाठवली, पण तो प्रयोगही तिथेच संपला. अडलेल्या वस्तीला औषध पोहोचवण्याचे काम अखेर ड्रोनकडे आले. २०२१ मध्ये पालघरच्या जव्हार तालुक्यात लसी अशाच पोहोचवण्यात आल्या.

ते पाहायला स्मिथ नव्हते. १५ फेब्रुवारी १९५१ रोजी, साठावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले ते १९९२ मध्ये, जन्मशताब्दी उलटून गेल्यावर. त्यांची पाकिटे आजही लिलावात येतात. आणि अपघातातून वाचलेल्या पाकिटांसाठी संग्राहक अनेकदा नीट पोहोचलेल्यांपेक्षा जास्त पैसे मोजतात.