विश्लेषण : बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी पंडिता रमाबाईंना काय गवसले? सुवार्तिक ख्रिस्ती पंथ नेमके काय मानतो?

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जऊळका मागे पडले की वाशिम येते. वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय या पट्ट्यातल्या गावांना जुन्या ओळखीचे. ते ज्या चर्च ऑफ द नाझरीनने उभारले, ते सुवार्तिक म्हणजेच इव्हँजेलिकल प्रवाहातले. या प्रवाहाची श्रद्धा कशावर उभी आहे, हे समजून घ्यायला पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतका बोलका दाखला मराठीत दुसरा नाही. कारण रमाबाई ख्रिस्ती झाल्या एकदा, आणि सुवार्तिक झाल्या त्यानंतर आठ वर्षांनी.

रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे कशा वळल्या?

जन्म 23 एप्रिल 1858, सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, तेही त्या काळात. कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडले, पुराणे सांगितली, उपवास केले, जवळचे होते ते दानात घातले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे पायी फिरत 1878 मध्ये कोलकात्याला पोहोचली. तिथे रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. भाऊ श्रीनिवास वारला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. मुलगी मनोरमा वर्षाची होण्याआधीच पतीचे निधन झाले.

1882 मध्ये पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींकडे गेल्या. लंडनजवळ फुलहॅम इथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी सांभाळत. ते पाहून आणि शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताच्या संवादाची कथा वाचून त्यांचे मन वळले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मग चर्चशी त्यांचे पटले का नाही?

शास्त्र्याच्या मुलीने चर्चचेही शास्त्र तपासून घेतले. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या आणि अथानेशियन मतांगीकार म्हणायला नकार दिला. आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून चाललेला वाद आजही वाचण्याजोगा आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, भारतीय भाषा का नको, असेही त्यांनी विचारले. मांस-अंडी खाल्ली नाहीत ती नाहीतच. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशप मंडळींचे मत पडले, तेही त्यांना रुचले नाही. धर्म स्वीकारला, पण त्याचे अधिकारी नाही, अशी ही अवस्था होती.

1891 मध्ये नेमके काय घडले?

इथेच सुवार्तिक पंथाचा गाभा आहे. या पंथात बाप्तिस्मा, चर्चची हजेरी किंवा सत्कृत्ये यांनी माणूस तारला जात नाही. आपण पापी आहोत हे ओळखणे, ख्रिस्ताने क्रूसावर आपल्या पापांचे प्रायश्चित्त केले यावर विश्वास ठेवणे आणि त्याला स्वतःचा तारणारा म्हणून स्वीकारणे, हे ज्याचे त्याला करावे लागते. तारण मिळते ते कृपेने. कमावता येत नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यालाही यातून सूट नाही. म्हणूनच या मंडळींत आपले मनपरिवर्तन कसे झाले ते चारचौघांत सांगायची, म्हणजे साक्ष द्यायची, प्रथा आहे.

विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मकथन रमाबाईंच्या वाचनात आले. हॅस्लम धर्मगुरू झाल्यानंतर कित्येक वर्षांनी आपले खरे परिवर्तन झाल्याचे सांगतात. ते वाचून रमाबाईंना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच नोंदवले. आईवडिलांनी आयुष्यभर पुण्य जोडत फिरताना पाहिलेल्या बाईला, न कमावता मिळणारी कृपा ही कल्पना किती मोठी वाटली असेल, याचा अंदाज करता येतो.

परिवर्तनानंतर पवित्र आत्म्याचा आणखी एक अनुभव असतो, असे या प्रवाहातील काही पंथ मानतात. नाझरीन मंडळी त्याला संपूर्ण पवित्रीकरण म्हणतात आणि तीच त्यांची खास ओळख आहे. रमाबाईही 1890 च्या दशकात या अनुभवाच्या शोधात होत्या.

शारदा सदनाचा वाद का पेटला?

अमेरिकेतील देणग्यांवर रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला हलवले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई इथल्याच सुरुवातीच्या विद्यार्थिनी. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार होते ते याच भरवशावर.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या, काहींना त्यात गोडी वाटू लागली. 1893 मध्ये वाद विकोपाला गेला. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकर बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाकडे फसवणूक विरुद्ध छळ अशा चौकटीत पाहण्याची सवय आहे. ती पुरेशी नाही. बळजबरी झाली नाही हे मान्य केले, तरी पुणेकरांची तक्रार निराधार ठरत नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी सुवार्तिकांची चार लक्षणे सांगितली आहेत: परिवर्तन, बायबल, क्रूस आणि कृती. कृती म्हणजे सेवा आणि सुवार्ता सांगणे, दोन्ही. ज्याला तारण मिळाले त्याने ते शेजाऱ्याला न सांगणे हा या श्रद्धेत दोषच. तटस्थतेचे वचन रमाबाईंनी दिले तेव्हा त्यांच्या श्रद्धेने हे रूप घेतलेले नव्हते. 1891 नंतर दाराआडची प्रार्थना त्यांना पुरणारी नव्हती, आणि विधवा मुलीला शिकायला पाठवणाऱ्या बापाला उघडे दार परवडणारे नव्हते.

मुक्ती मिशन वेगळे कसे?

पुणे जिल्ह्यातील केडगावात मग उघडपणे ख्रिस्ती संस्था उभी राहिली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो मुली-स्त्रिया आणल्या, 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणल्या. आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी ब्रेल शिकवणारे बार्तीमी सदन. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयाप्रमाणे पैसा लोकांकडे न मागता देवाकडे मागायचा, हा शिरस्ता त्यांनी धरला.

1904 मध्ये वेल्समध्ये धार्मिक जागृतीची लाट उठली. जून 1905 मध्ये ती केडगावात पोहोचली. मुली रडत, पापे कबूल करत, शेकडो आवाज एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. अनेक गोऱ्या मिशनऱ्यांना हे गैर वाटले. भारतीयांच्या भक्तीला युरोपीय मापाचा अंगरखा शिवू नये, असे रमाबाईंचे म्हणणे होते. त्याच वेळी अन्य भाषांत बोलणे हाच आत्म्याचा पुरावा, हे मतही त्यांनी मानले नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांची या जागृतीवरची पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीला पोहोचली, आणि 1909 मध्ये तिथे पेंटेकोस्टल चळवळ सुरू होण्यास ती एक कारण ठरली.

बायबलचे भाषांतर पुन्हा कशासाठी?

सुवार्तिकांसाठी शेवटचा शब्द पोपचा किंवा बिशपचा नसतो, बायबलचा असतो. तो वाचणाऱ्याला कळलाच पाहिजे. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे आणि त्यातले शब्द हिंदू धर्मकल्पना सोबत आणतात, असे रमाबाईंना वाटे. संस्कृत पंडितेनेच संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत, हे विशेष. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या. हे काम सतरा-अठरा वर्षे चालले. मुक्तीतल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले, छापखाना चालवला.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. मुलगी आणि वारस, दोन्ही. रमाबाईंनी शेवटची मुद्रिते तपासली आणि लगेचच, 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यातून 1924 मध्ये बाहेर पडले.